संशोधनात व्यष्टी अध्ययन पद्धतीची निवड : केव्हा आणि कशासाठी?

गोषवारा :
सामाजिक शास्त्रे, शिक्षणशास्त्र, वाणिज्य व व्यवस्थापन या विद्याशाखांतील संशोधनात व्यष्टी अध्ययन पद्धतीचा उल्लेख वारंवार आढळतो. मात्र ही पद्धती का निवडली, याचे समर्थन संशोधन आराखड्यात क्वचितच दिलेले असते. अभ्यासक्षेत्र लहान आहे किंवा उत्तरदात्यांची संख्या कमी आहे, एवढ्यावरून एखादे संशोधन व्यष्टी अध्ययन ठरत नाही. पद्धतीची निवड संशोधन प्रश्नाच्या स्वरूपावरून ठरते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. त्यासाठी हॅरॉल्ड मान यांनी पुणे जिल्ह्यात केलेली दोन ग्रामअध्ययने तसेच राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांची उदाहरणे घेतली आहेत.

बीजसंज्ञा : व्यष्टी अध्ययन, संशोधन आराखडा, संशोधन प्रश्न, विश्लेषण एकक, सामान्यीकरण.

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन व विद्यापीठीय संशोधनातील अनेक प्रबंधांच्या शीर्षकाच्या अखेरीस ‘अमुक तालुक्याच्या विशेष संदर्भात’ किंवा ‘एक व्यष्टी अध्ययन’ असे शब्द जोडलेले असतात. प्रत्यक्षात अशा प्रबंधात बहुधा एका तालुक्यातील शंभर-दीडशे उत्तरदात्यांकडून प्रश्नावली भरून घेतलेली असते, तिच्या आधारे टक्केवारी काढलेली असते आणि शेवटी संपूर्ण जिल्ह्यासाठी शिफारशी केलेल्या असतात. हे संशोधन वस्तुतः लहान क्षेत्रातील सर्वेक्षण होय. त्यास व्यष्टी अध्ययन म्हटल्याने दुहेरी हानी होते. सर्वेक्षण म्हणून त्याची नमुना निवड तपासली जात नाही आणि व्यष्टी अध्ययन म्हणून त्यात अपेक्षित असलेली सखोलता येत नाही. मौखिक परीक्षेच्या वेळी ‘एकाच तालुक्याच्या आधारे हा निष्कर्ष कसा काढला?’ असा प्रश्न विचारला गेला की संशोधकाजवळ उत्तर नसते. तोपर्यंत तीन-चार वर्षांचे परिश्रम खर्ची पडलेले असतात.

म्हणूनच ही पद्धती केव्हा निवडावी आणि केव्हा टाळावी, याचा निर्णय तथ्य संकलनापूर्वी होणे आवश्यक आहे. या निर्णयाची जबाबदारी संशोधकाइतकीच मार्गदर्शकाचीही असते.

२. व्यष्टी अध्ययन : संकल्पना

‘केस स्टडी’ या संज्ञेसाठी मराठीत ‘व्यष्टी अध्ययन’, ‘एकक अध्ययन’ आणि ‘व्यक्ती अभ्यास’ असे पर्याय प्रचलित आहेत. यांपैकी ‘व्यक्ती अभ्यास’ या संज्ञेमुळे अभ्यासविषय नेहमी एखादी व्यक्तीच असते, असा समज होण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात कुटुंब, शाळा, गाव, सहकारी संस्था, एखादा शासकीय निर्णय, आंदोलन किंवा योजनेची अंमलबजावणी यांपैकी काहीही अभ्यासाचे एकक होऊ शकते. त्यामुळे प्रस्तुत लेखात ‘व्यष्टी अध्ययन’ ही संज्ञा वापरली आहे.

या पद्धतीची मुळे एकोणिसाव्या शतकात सापडतात. फ्रेंच अभ्यासक फ्रेडरिक ल प्ले यांनी युरोपातील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा तपशीलवार अभ्यास करून तो १८५५ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे मानववंशशास्त्र व समाजशास्त्रात ही पद्धती रुजली. तिची शिस्तबद्ध मांडणी करणाऱ्यांमध्ये रॉबर्ट यिन यांचे नाव प्रमुख असून त्यांच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. यिन यांच्या विवेचनाचा आशय असा की, समकालीन घटना तिच्या वास्तव परिस्थितीत सखोलपणे अभ्यासणे, विशेषतः घटना आणि तिची परिस्थिती यांच्यातील सीमारेषा स्पष्ट नसताना अभ्यासणे, म्हणजे व्यष्टी अध्ययन होय.

या आशयातील शेवटचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील मुलींची गळती हा विषय घेतला, तर ती गळती एस.टी.च्या वेळापत्रकापासून, घरातील विवाहविषयक निर्णयांपासून, वसतिगृहाच्या उपलब्धतेपासून आणि महाविद्यालयातील वातावरणापासून वेगळी काढता येत नाही. यांपैकी एकच चल निवडून इतर सर्व ‘स्थिर’ मानले, तर जे समजून घ्यायचे तेच हातातून निसटते. अशा वेळी व्यष्टी अध्ययनाची गरज निर्माण होते.

३. निवडीचे तीन निकष

यिन यांनी संशोधन पद्धतीच्या निवडीसाठी तीन निकष सांगितले आहेत : संशोधन प्रश्नाचे स्वरूप, घटनांवर संशोधकाचे असलेले नियंत्रण आणि घटनेची समकालीनता. मुलींच्या गळतीच्या वरील उदाहरणावरून हे निकष स्पष्ट करता येतील.

अ) ‘जिल्ह्यातील महाविद्यालयांत द्वितीय वर्षानंतर किती मुली शिक्षण सोडतात व त्या कोणत्या सामाजिक गटांतील आहेत?’ हा ‘किती’ आणि ‘कोण’ या स्वरूपाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रवेश नोंदींच्या विश्लेषणातून किंवा योग्य नमुना निवडलेल्या सर्वेक्षणातून मिळेल. येथे व्यष्टी अध्ययन उपयोगाचे नाही.

आ) ‘पूरक मार्गदर्शन वर्गांमुळे अनुत्तीर्ण विद्यार्थिनींचे प्रमाण कमी होते का?’ या प्रश्नात एक उपाय आणि त्याचा परिणाम यांचा संबंध तपासायचा आहे. संशोधकाला दोन समतुल्य गट करून एका गटाला मार्गदर्शन देता येत असेल, तर प्रायोगिक पद्धती अधिक योग्य ठरते.

इ) ‘स्वातंत्र्योत्तर काळात या भागातील मुलींचे उच्च शिक्षण कसे विस्तारले?’ हा ‘कसे’ या स्वरूपाचा प्रश्न असला तरी तो प्रामुख्याने भूतकाळाविषयी आहे. त्या काळातील बहुतांश व्यक्ती व प्रसंग प्रत्यक्ष निरीक्षणासाठी उपलब्ध नाहीत. त्यामुळे येथे ऐतिहासिक पद्धती स्वीकारावी लागेल.

ई) ‘शेजारच्या महाविद्यालयांत गळती कायम असताना एका महाविद्यालयात ती कशी व का घटली?’ येथे प्रश्न ‘कसे’ व ‘का’ या स्वरूपाचा आहे, घटना चालू काळातील आहे आणि तिच्यावर संशोधकाचे नियंत्रण नाही. हा व्यष्टी अध्ययनाचा प्रश्न होय.

विषय चारही ठिकाणी एकच आहे, मात्र प्रश्न बदलताच पद्धती बदलते. ‘माझा विषय मुलींची गळती आहे, मी कोणती पद्धती वापरू?’ या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नसते. विषयाचे रूपांतर नेमक्या प्रश्नात झाल्याशिवाय पद्धतीची चर्चा सुरू करणे व्यर्थ आहे.

४. मान यांची दोन ग्रामअध्ययने

व्यष्टी अध्ययनाची निवड, त्याची व्याप्ती आणि मर्यादा समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातीलच एक जुने उदाहरण मार्गदर्शक ठरते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून तो १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. दख्खनमधील शेतकरी कुटुंबाची आर्थिक स्थिती नेमकी कशी आहे आणि ती तशी का झाली, हा त्या अभ्यासामागील मूळ प्रश्न होता.

या अभ्यासातील तीन बाबी आजच्या संशोधकाने लक्षात घेण्याजोग्या आहेत.

पहिली बाब म्हणजे विश्लेषण एककांची रचना. अभ्यासाचे मुख्य एकक गाव हे होते, परंतु त्याच्या आत जमिनीचे तुकडे व कुटुंबे ही उपएकके होती. कुटुंबनिहाय उत्पन्न, खर्च व कर्ज यांची मोजणी करण्यात आली. एकाच एककाच्या आत अशी उपएकके अभ्यासणे यास अंतर्भूत रचना म्हणतात. व्यष्टी अध्ययन म्हणजे केवळ गुणात्मक वर्णन, हा समज येथे दूर होतो. संख्यात्मक माहिती वापरल्याने व्यष्टी अध्ययनाचे सर्वेक्षण होत नाही. त्याचप्रमाणे मुलाखती घेतल्याने सर्वेक्षणाचे व्यष्टी अध्ययन होत नाही.

दुसरी बाब म्हणजे साधनांची विविधता. मान यांनी जुन्या जमीनविषयक नोंदी, प्रत्यक्ष पाहणी आणि कुटुंबांची चौकशी यांची सांगड घातली. १७७१ मध्ये या गावात सरासरी ४० एकर असलेली जमीनधारणा १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती, हा या अभ्यासातील निष्कर्ष पुढे भारतीय कृषी अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून सातत्याने उद्धृत होत राहिला. केवळ गावकऱ्यांच्या मुलाखती घेऊन दीडशे वर्षांतील ही प्रक्रिया उलगडली नसती. केवळ दप्तर पाहिले असते, तर तिचा कुटुंबाच्या चुलीवर झालेला परिणाम कळला नसता.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. पिंपळे सौदागर हे गाव पुणे शहर आणि खडकीचा दारूगोळा कारखाना यांच्या जवळ असल्याने तेथील लोकांना शेतीबाहेरचा रोजगार उपलब्ध होता. हे गाव दख्खनमधील इतर गावांचे प्रतिनिधी मानावे काय, ही शंका त्यामुळे स्वाभाविक होती. मान यांनी एन. व्ही. कानिटकर यांच्यासह दुसरे गाव अभ्यासले. शहराच्या प्रभावापासून तुलनेने दूर असलेल्या जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा हा अभ्यास १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या गावातील निष्कर्ष ज्या परिस्थितीमुळे वेगळा असण्याचा संभव होता, नेमकी ती परिस्थिती नसलेले गाव निवडण्यात आले. आज ज्यास बहुव्यष्टी अध्ययनातील ‘पुनरावृत्तीचा तर्क’ म्हणतात, त्याचे हे उत्तम उदाहरण म्हणता येईल. यात दुसरे एकक केवळ संख्या वाढविण्यासाठी घेतलेले नसते. पहिल्या निष्कर्षाची परीक्षा घेण्यासाठी ते निवडलेले असते.

५. सामान्यीकरणाचा प्रश्न

‘एका उदाहरणावरून सामान्य निष्कर्ष कसा काढता येईल?’ हा या पद्धतीवरील सर्वांत जुना आक्षेप आहे. डोनाल्ड कॅम्पबेल व ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९६३ मध्ये, तुलनेविना एकाच गटाची एकदाच केलेली पाहणी शास्त्रीय दृष्ट्या जवळजवळ निरुपयोगी असल्याचे मत मांडले होते. पुढे १९७५ मध्ये कॅम्पबेल यांनीच या भूमिकेत महत्त्वाची दुरुस्ती केली. एकाच व्यष्टीचा सखोल अभ्यास करणारा अभ्यासक एका सिद्धान्तातून अनेक अपेक्षा काढतो आणि त्या प्रत्येक अपेक्षेची प्रत्यक्षाशी गाठ घालून पाहतो. त्यामुळे एकाच व्यष्टीतही सिद्धान्त खोटा ठरण्याच्या अनेक संधी असतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

येथे सांख्यिकीय सामान्यीकरण व विश्लेषणात्मक सामान्यीकरण यांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे. सांख्यिकीय सामान्यीकरणात नमुन्यावरून समष्टीविषयी अनुमान काढले जाते. विश्लेषणात्मक सामान्यीकरणात मात्र व्यष्टीतील निष्कर्ष सिद्धान्ताशी ताडून पाहिला जातो. ग्रॅहॅम ॲलिसन यांनी १९६२ च्या क्यूबा क्षेपणास्त्र पेचप्रसंगाचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी एकच घटना तीन प्रारूपांतून तपासली : राष्ट्र हे एकच विवेकी कर्ता आहे असे मानणारे, संघटनांच्या ठरावीक कार्यपद्धतीवर भर देणारे आणि सत्तेतील व्यक्तींच्या परस्पर ओढाताणीवर भर देणारे. क्यूबाच्या पेचप्रसंगासारखे किती प्रसंग जगात घडतात, हा त्यांचा प्रश्न नव्हता. शासनाचे निर्णय कसे होतात याविषयीच्या आपल्या समजुती कोठे अपुऱ्या पडतात, हे त्यांना दाखवायचे होते. त्यामुळे एकच घटना पुरेशी ठरली.

यावरून असे म्हणता येईल की, एका गावाच्या अभ्यासावरून ‘जिल्ह्यातील ६० टक्के शेतकरी…’ असे विधान करणे ही या पद्धतीची मर्यादा ओलांडणे होय. परंतु ‘जेथे अमुक परिस्थिती एकत्र येते तेथे अमुक प्रक्रिया घडते’ असे विधान करून ते पुढील अभ्यासाच्या कसोटीला ठेवणे हे तिचे योग्य फलित आहे.

६. व्यष्टीची निवड आणि यशोगाथेचा मोह

पद्धती निश्चित झाल्यावर नेमकी कोणती व्यष्टी घ्यावी, हा प्रश्न उभा राहतो. एखाद्या सिद्धान्ताची निर्णायक परीक्षा घेणारी, असामान्य किंवा टोकाची, सर्वसाधारण परिस्थितीचे प्रतिनिधित्व करणारी, पूर्वी अभ्यासकांना प्रवेश नसलेली आणि दीर्घ काळ पुनःपुन्हा अभ्यासता येणारी, असे एकल व्यष्टीच्या निवडीचे पाच आधार यिन यांनी सांगितले आहेत. ‘संशोधक तेथे नोकरीस आहे’ हा आधार या यादीत नाही. प्रवेशाची सोय ही अनुकूल बाब खरी, पण ती निवडीचे कारण होऊ शकत नाही.

रॉबर्ट स्टेक यांनी १९९५ मध्ये केलेला भेदही येथे उपयुक्त आहे. व्यष्टी स्वतःच जाणून घेण्याजोगी असेल तर ते अध्ययन स्वयंमूल्य असते. व्यापक प्रश्न समजून घेण्यासाठी ती निवडली असेल तर ते साधनरूप असते. आणि अशा अनेक व्यष्टी एकत्र घेतल्यास ते सामूहिक होते. आपले अध्ययन यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे संशोधकाने प्रारंभीच नमूद करावे.

महाराष्ट्रातील ग्रामविकासाच्या अभ्यासात यशस्वी गावांची निवड करण्याकडे स्वाभाविक कल दिसतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ पासून अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली जलसंधारणाचे काम उभे राहिले. त्या अनुभवाच्या आधारे १९९२ मध्ये राज्यात आदर्श गाव योजना सुरू झाली. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये १९८९ नंतर सरपंच पोपटराव पवार यांच्या काळात मोठा बदल घडला. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी व पाणलोट विकास ही सूत्रे दोन्ही ठिकाणी आढळतात.

केवळ ही दोन गावे पाहून ‘या सूत्रांमुळे गावे बदलतात’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. निष्पत्ती पाहून व्यष्टी निवडली की यशस्वी गावात जे जे आढळते ते ते यशाचे कारण वाटू लागते. तीच सूत्रे स्वीकारूनही काही गावे बदलली नसतील, तर निर्णायक घटक दुसराच असण्याची शक्यता उरते. त्यामुळे या गावांच्या अभ्यासाला खरा अर्थ प्राप्त होतो तो समान पर्जन्यमान, समान जमीन आणि समान योजना लाभूनही अपेक्षित बदल न घडलेले गाव सोबत घेतल्याने. दुसरीकडे, या दोन गावांची आपापसांतील तुलनाही निरर्थक नाही. राळेगणसिद्धीत नेतृत्व सैन्यातून निवृत्त होऊन परतलेल्या व्यक्तीकडे होते, तर हिवरे बाजारमध्ये ते निवडून आलेल्या सरपंचाकडे होते. नेतृत्वाचा मार्ग भिन्न असूनही फलित सारखे का, हा प्रश्न साधनरूप अध्ययनास योग्य आहे. यशोगाथा लिहिणे व व्यष्टी अध्ययन करणे यांतील फरक विरुद्ध पुराव्याच्या शोधातच असतो.

७. पद्धती केव्हा टाळावी?

पुढील परिस्थितीत व्यष्टी अध्ययन पद्धती टाळणे इष्ट ठरते.

१) प्रश्न प्रमाण, वारंवारता किंवा वितरण यांविषयी असल्यास.

२) व्यष्टीच्या सीमा ठरविता येत नसल्यास. ‘ग्रामीण महिला : एक व्यष्टी अध्ययन’ या शीर्षकात स्थळ, काळ व एकक यांपैकी काहीच निश्चित नाही.

३) माहितीचे एकच साधन उपलब्ध असल्यास. संस्थेने दप्तर पाहू दिले नाही, बैठकांना उपस्थित राहू दिले नाही आणि केवळ अध्यक्षांची मुलाखत दिली, तर हाती येते ती संस्थेची स्वतःविषयीची भूमिका. तिची पडताळणी शक्य नसते.

४) पुनःपुन्हा क्षेत्रभेटी देण्यास वेळ नसल्यास. अध्यापनाचा पूर्ण कार्यभार सांभाळून संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांनी याचा आधीच विचार करावा. मोठे सर्वेक्षण टाळून वेळ वाचविण्यासाठी ही पद्धती निवडणाऱ्याचा बहुधा अपेक्षाभंग होतो.

५) सहभागी व्यक्तींची ओळख सुरक्षित ठेवणे अशक्य असल्यास. गावाचे नाव बदलले तरी ‘त्या गावच्या महिला सरपंच’ कोण, हे तालुक्यात सर्वांना ठाऊक असते. टोपणनाव दिल्याने त्यांनी ग्रामसेवकाविषयी व्यक्त केलेले मत गोपनीय राहत नाही. अशा वेळी सहभागी व्यक्तीला प्रकाशनापूर्वी मजकूर दाखविणे, काही तपशील वगळणे किंवा प्रसंगी व्यष्टीच बदलणे, हा संशोधन आराखड्याचाच भाग मानला पाहिजे.

८. मार्गदर्शकांसाठी पडताळणी प्रश्न

संशोधन आराखडा मंजूर करण्यापूर्वी पुढील प्रश्नांची लेखी उत्तरे संशोधकाकडून घेतल्यास पुढील अनेक अडचणी टळू शकतात.

• संशोधन प्रश्न ‘कसे’ किंवा ‘का’ या स्वरूपाचा आहे काय?
• निवडलेली व्यष्टी ही कोणत्या व्यापक घटनेची व्यष्टी आहे?
• तिच्या स्थळ, काळ व एककविषयक सीमा कोणत्या? उपएकके कोणती?
• हीच व्यष्टी का? सोयीव्यतिरिक्त कारण कोणते?
• किमान तीन स्वतंत्र साधनांतून माहिती मिळेल काय?
• कोणता पुरावा मिळाल्यास संशोधकाचे स्पष्टीकरण चुकीचे ठरेल?
• निष्कर्ष कोणत्या परिस्थितीपुरते मर्यादित राहतील?

यांपैकी दुसरा आणि सहावा हे प्रश्न विशेष निर्णायक आहेत. दुसऱ्याचे उत्तर नसेल तर अध्ययन स्थानिक माहितीच्या संग्रहापलीकडे जात नाही. सहाव्याचे उत्तर नसेल तर निष्कर्ष संशोधन सुरू होण्यापूर्वीच ठरलेला असतो.

९. समारोप

व्यष्टी अध्ययन ही सर्वेक्षणाची लहान आवृत्ती नव्हे, तसेच सांख्यिकी टाळण्याचा मार्गही नव्हे. घटना व परिस्थिती परस्परांत गुंतलेल्या असतात, संशोधकाचे त्यांवर नियंत्रण नसते आणि ‘कसे’ व ‘का’ हे जाणून घ्यायचे असते, तेव्हा ही पद्धती अन्य पद्धतींहून अधिक काही देऊ शकते. मान यांनी अभ्यासलेले पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगराचा भाग झाले असून तेथील शेतीची जागा निवासी संकुलांनी घेतली आहे. तरीही एका गावाच्या अभ्यासातून जमिनीच्या विभाजनाविषयी त्यांनी मांडलेले निष्कर्ष शतकानंतरही अभ्यासकांना विचारात घ्यावे लागतात. प्रश्नाची नेमकी मांडणी, विविध साधनांची पडताळणी आणि स्वतःच्या निष्कर्षाविषयी शंका घेऊन दुसऱ्या गावाकडे वळण्याची तयारी या तीन बाबी त्यामागे होत्या. ‘विशेष संदर्भ’ हे शब्द शीर्षकात लिहिण्यापूर्वी संशोधक व मार्गदर्शक या दोघांनीही तो संदर्भ नेमका कशासाठी विशेष आहे, याचे उत्तर स्वतःपाशी निश्चित करणे आवश्यक आहे.